पंच्याखालचा शब्द

सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या अंगाला, जिथे दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला निमूटपणे मागे सरावे लागते, अशा एका बोळात सिद्धलिंग हत्तुरे यांचे घर आहे. उभी हयात त्यांनी एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली. घरात कन्नड, गल्लीत मराठी, देवघरात लहानपणी पाठ केलेली संस्कृत स्तोत्रे आणि शाळेत इंग्रजी, असा चार भाषांचा त्यांचा संसार. या चारही भाषांत त्यांना सर्वांत अधिक ओढ होती ती एकाच गोष्टीची: एका माणसाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडून तिसऱ्याकडे जाते तेव्हा वाटेत त्याचे काय होते.

इंग्रजी व्याकरणात या प्रकरणाला रिपोर्टेड स्पीच म्हणतात. पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला जेमतेम दोन पाने येत. बहुतेक शिक्षक फळ्यावर दोन रकाने आखून मोकळे होत. डावीकडे ‘इज’, उजवीकडे ‘वॉज’. डावीकडे ‘विल’, उजवीकडे ‘वुड’. मुले ते रकाने घोकत आणि परीक्षेच्या दिवशी सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीलाही भूतकाळात लोटून मोकळी होत. मास्तरांना हा कारभार मान्य नव्हता. काळ बदलायचा की नाही हे रकाना ठरवत नाही, सांगणारा ठरवतो, असे ते म्हणत. सांगणाऱ्याने ते ठरवावे कसे, हे शिकवण्यासाठी ते मुलांना चक्क वर्गाबाहेर धाडत.

शाळेच्या पाठीमागे पत्र्याच्या शेडमध्ये सुंदरम्मा नावाची बाई मुलांसाठी खिचडी रांधत असे. आठवीच्या वर्गाचा तास सुरू झाला की मास्तर एकाला तिच्याकडे पाठवत, जा, भात कुठवर आला ते विचारून ये. सुंदरम्मा मान न वळवता सांगे, शिजतोय. पोर धावत परत आले की मास्तर त्याच्या हातात खडू देत आणि म्हणत, आता हे वर्गाला इंग्रजीत सांग. ती म्हणाली की भात शिजत ‘आहे’, की शिजत ‘होता’? वर्गात दोन तट पडत, बाक वाजत, आणि मास्तर तो गोंधळ मनापासून उपभोगून झाल्यावर सावकाश उलगडा करत. तू सरळ आलास, वास अजून येतो आहे, भात अजून चुलीवर आहे. तेव्हा ‘ती म्हणाली’ हे भूतकाळात असले तरी पुढे ‘आहे’ ठेवायला हरकत नाही. हेच उद्या सांगायचे झाले तर ‘होता’च म्हणावे लागेल, कारण तोवर तो भात तुमच्या पोटात गेलेला असेल. ‘ती म्हणते’ असे वर्तमानात सांगितलेस तर काळ हलवण्याचे कारणच नाही. पाणी उताराकडे वाहते, असे ती म्हणाली असेल तर तेही हलवू नये. ते काल खरे होते आणि उद्याही खरे असणार. आणि ती ‘वाढीन’ म्हणाली असेल तर? वाढण्याची वेळ अजून यायची असेल आणि ती वाढणार याची तुला खात्री असेल, तर ‘विल’ राहू दे. वेळ टळली असेल, किंवा तिच्या बोलण्याची हमी आपल्या शिरावर घ्यायची नसेल, तर ‘वुड’ म्हण आणि बाजूला हो.

यानंतर मास्तर जे सांगत ते पाठ्यपुस्तकात नव्हते. संस्कृतात बोलणाऱ्याचे वाक्य जसेच्या तसे उचलून त्यापुढे ‘इति’ ठेवतात. कन्नडात ‘बर्तीनि अंत हेळिदा’ म्हणतात; येणारा ‘येतो’ म्हणाला होता, ते ‘येतो’ तसेच राहते, पुढे फक्त ‘अंत’ लागते. मराठीतही ‘तो म्हणाला, मी येतो’ असेच आपण सांगतो. आपल्या तिन्ही भाषांत निरोप्या म्हणजे केवळ पात्र. ओतणाऱ्याने जे ओतले ते त्याने सांडू न देता न्यावे. इंग्रजीत मात्र निरोप्याला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. तो आज कुठे उभा आहे, ऐकलेले अजून टिकून आहे की नाही, हे त्याने पाहावे आणि मगच क्रियापदाला हात लावावा. परक्यांची भाषा असली तरी या बाबतीत ती माणसाला जास्त जबाबदार धरते, असे मास्तर म्हणत, आणि असे म्हणताना त्यांचा आवाज आरतीच्या वेळी होतो तसा खाली येई.

वैरागहून शिकायला सोलापुरात मामाकडे राहिलेली महेश्वरी नावाची एक मुलगी त्या वर्गात होती. तिने एकदा उभी राहून विचारले, “सर, मी इथे ‘इज’ म्हटलं आणि तेवढ्यात तिकडं भात करपला, तर खोटं कोण?”

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत.

“खोटं कोणी नाही,” ते म्हणाले. “पण ज्याला ‘इज’ म्हणायचं आहे त्यानं एकदा भांड्यात डोकावून यावं.”

त्या दिवसापासून महेश्वरी त्यांची झाली. पुढे तिने इंग्रजी घेऊन पदवी मिळवली, बी.एड. केले, होटगी रस्त्यावरच्या एका शाळेत तिला नोकरी लागली. आणि पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी ती मास्तरांच्या घरी येऊन, जमिनीवर बसून, त्यांच्या पत्नी वैजयंतीबाईंच्या हातची भाकरी खात, तोच धडा पुन्हा एकवार ऐकून गेली.

वर्गाबाहेर मास्तरांची ख्याती निराळ्याच कारणाने होती. गल्लीत दोन भावांचे बोलणे बंद झाले, सासर-माहेरात काही तणावाचे सांगायचे असले, तर लोक निरोप न्यायला मास्तरांना गाठत. कारण मास्तर बोलणे वाढवत नसत आणि कमीही करत नसत. निघण्यापूर्वी ते धाडणाऱ्याकडून निरोप पुन्हा म्हणवून घेत, आणि पोचल्यावर सुरुवातच अशी करत: आता जे बोलतो ते माझे नव्हे, अमक्याचे आहे. वैजयंतीबाई थट्टेने म्हणत की यांच्या तोंडात स्वतःचे वाक्य शोधायचे झाले तर दिवा घेऊन बसावे लागेल.

या सगळ्या लोकांत रुद्रप्पा हे नाव वेगळे. मास्तर आणि रुद्रप्पा एका बाकावर बसून शिकलेले. रुद्रप्पाने शाळा अर्धवट सोडून वडिलांची भुसाराची अडत सांभाळली. मार्केट यार्डातल्या त्याच्या दुकानात आसपासच्या तालुक्यांची तूर आणि ज्वारी उतरत असे. जुन्या काळी तिथे भाव उघड बोलत नसत. अडत्या आणि गिऱ्हाईक खांद्यावरच्या पंच्याखाली हात घालत आणि बोटे दाबून भाव सांगत; सौदा जमला की मग अडत्या तो मोठ्याने पुकारत असे. आता बोली यंत्रावर चालते, पण रुद्रप्पाच्या हाताची सवय गेली नव्हती. जिव्हाळ्याचे काही बोलायचे झाले की तो समोरच्याचा हात पंच्याखाली ओढून घेई. मास्तरांना ही लकब फार आवडे. आपला मित्र हृदयातले बोलतो तेव्हा जगाच्या डोळ्यांआड बोलतो, असे त्यांना वाटे.

रुद्रप्पाचा मुलगा बसू दुकानावरच बसायचा. मुलगा शांत, निर्व्यसनी, घरचे बरे. पण आजच्या मुलींना दुकानदार नवरा नको असतो, पगाराचा हवा असतो. स्थळे येत आणि परत जात. वैरागचे सिद्धाराम, म्हणजे महेश्वरीचे वडील, आपली तूर रुद्रप्पाच्याच दुकानी घालत. त्या ओळखीतून महेश्वरीचे नाव निघाले. मुलीचे म्हणणे एकच होते: मी शाळा सोडणार नाही. हे एवढे एक मान्य झाले तर बाकी कशालाच तिची ना नव्हती. सिद्धारामांनी ते मास्तरांच्या कानावर घातले, आणि मास्तर दुपारच्या उन्हात मार्केट यार्डात गेले.

रुद्रप्पा तुरीच्या पोत्यांना टेकून बसला होता. त्याने सगळे ऐकून घेतले, आजूबाजूला पाहिले, पंचा खांद्यावरून ओढून दोघांच्या हातांवर टाकला आणि आत मास्तरांचा तळवा घट्ट दाबला.

“सांग त्यांना,” तो म्हणाला. “पोरगी शाळेत जाईल. आमच्या घरात तिला कोणी अडवणार न्हाय. म्हातारी होईपर्यंत शिकवू दे की.”

“हे मी त्यांच्या घरात तुझं बोलणं म्हणून सांगणार, रुद्रप्पा.”

“सांग की. काय बोललो ते बोललो.”

नेहमीप्रमाणे मास्तरांनी ते पुन्हा म्हणवून घेतले असते. पण पंच्याखाली हात दाबलेला असताना ‘पुन्हा एकदा म्हण’ असे सांगणे त्यांना मैत्रीचा अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी ते वैरागला गेले. सिद्धाराम, त्यांच्या पत्नी निंगव्वा आणि महेश्वरी, तिघे समोर बसले होते. मास्तरांनी रुद्रप्पाचे वाक्य त्याच्याच शब्दांत ठेवले. महेश्वरीने ओठ दाबून हसू आवरले आणि विचारले, “सर, भांड्यात डोकावून आलात ना?”

“माझा हात त्याच्या हातात होता,” मास्तर म्हणाले.

त्यावर कोणी काही विचारले नाही. नंतर दोन्ही घरे एकत्र बसली, देण्याघेण्याचे, मानपानाचे, तिथीचे सगळे बोलून झाले. पण शाळेचा विषय कोणी काढला नाही. तो मास्तरांनी आधीच मिटवला होता. मिटलेल्या गोष्टीला पुन्हा तोंड फोडणे मुलीकडच्यांना बरे वाटले नाही आणि मुलाकडच्यांना ते करण्याचे कारण नव्हते. लग्न झाले. महेश्वरी बाळीवेशीतल्या सासरहून रोज स्कूटरवरून होटगी रस्त्याला जाऊ लागली. वाटेत बोळाच्या तोंडाशी मास्तर दिसले तर ती वेग कमी करून मान लववी, आणि मास्तरांचा तो दिवस सार्थकी लागे.

काही वर्षे अशी गेली. मग रुद्रप्पाच्या बायकोचे गुडघे गेले. बसूने अकलूजला दुसरे दुकान टाकले आणि तो आठवड्यातले बरेच दिवस तिकडे राहू लागला. एका रविवारी रुद्रप्पाने सुनेला बोलावून सांगितले की घराला आता घरातले माणूस हवे, तेव्हा येत्या जूनपासून शाळा बंद. आवाज चढला नाही, भांडण झाले नाही. महेश्वरीने फक्त एवढेच म्हटले की लग्नाआधी असे ठरले नव्हते. तुम्ही मास्तरांजवळ शब्द दिला होता. रुद्रप्पाने, तर मग बोलावू या मास्तरांना, असे म्हटले, आणि वैरागलाही फोन गेला.

बैठकीचे बोलावणे आले तेव्हा मास्तरांना मुळीच चिंता वाटली नाही. रुद्रप्पा विसरला असेल, आपण आठवण करून देऊ, तो कपाळावर हात मारून घेईल आणि विषय तिथेच संपेल, असे ते वैजयंतीबाईंना सांगून, इस्त्रीचा सदरा घालून निघाले.

रुद्रप्पाच्या माडीवर सगळे जमले होते. सिद्धाराम भिंतीला टेकून, निंगव्वा दाराशी, महेश्वरी सासूच्या बाजूला, बसू खिडकीत फोन हातात घेऊन. चहा झाल्यावर सिद्धारामांनी घसा साफ केला.

“पावणं, लग्नाआधी तुमी शब्द दिल्ता. पोरगी शाळंत जाईल म्हणून. म्हणून तर आमी व्हय म्हटलं.”

रुद्रप्पाने कप बशीत ठेवला. “मी? मी कुटं दिला? तुमच्या घरी बैठक झाली तवा हा विषयच निघाला न्हाय. निघाला का? सांगा की.”

निघाला नव्हता, हे खरे होते.

“मास्तरांनी आणून सांगितलं,” सिद्धाराम म्हणाले.

“व्हय, मास्तरांनी सांगितलं असेल.” रुद्रप्पा मास्तरांकडे वळला आणि असा हसला की जणू एखाद्या भोळ्या धाकट्या भावाला सांभाळून घेत होता. “मास्तर भाषेचा माणूस. दोन घरं जुळावीत म्हणून चार शब्द गोड केले असतील. त्यात त्यांचं काय वाईट न्हाय. चांगल्यासाठीच केलं त्यांनी.”

माणसाने आरोप केला तर त्याला उत्तर देता येते. क्षमा केली तर उत्तर सुचत नाही.  मास्तर म्हणाले, “रुद्रप्पा, तू दुकानात माझा हात धरून सांगितलंस.”

“हात तर मी रोज शंभर जणांचे धरतो, मास्तर.”

खिडकीतून बसूचे बारीक हसणे ऐकू आले. मास्तरांनी तिकडे पाहिले नाही. त्यांची नजर महेश्वरीकडे होती, कारण या खोलीत खरे काय ते ओळखू शकेल असे तेवढे एकच माणूस होते. तिने वर पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात एखादे वाक्य दोन प्रकारे बरोबर असू शकते असे कळल्यावर तिच्या कपाळावर जी आठी उमटे, ती उमटली होती.

“सर,” तिने हळूच विचारले, “तुम्हाला नक्की आठवतंय ना?”

“आठवतंय,” मास्तर म्हणाले.

तिने मान हलवली. वयस्कर माणसाचे मन मोडू नये म्हणून हलवतात तशी हलवली. नंतर बैठकीत काय काय बोलले गेले ते मास्तरांच्या कानांवर पडले, पण आत उतरले नाही. गुडघ्यांविषयी बोलणे झाले, अकलूजच्या दुकानाविषयी झाले, सून म्हणजे लेकच असेही कोणी म्हणाले. सिद्धाराम उठताना मास्तरांच्या पाया पडायला वाकले, कारण ती त्यांची रीत होती, आणि उठून दाराबाहेर गेले ते मागे न पाहता.

घरी आल्यावर वैजयंतीबाईंनी सगळे ऐकून एवढेच विचारले, तुम्ही ओरडला का नाहीत? मास्तरांनी सांगितले की खरे बोलणाऱ्याला ओरडावे लागत नाही, असे आपण आजवर समजत होतो. वैजयंतीबाई उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांडी उगाच घासत राहिल्या.

सकाळी मास्तर मार्केट यार्डात गेले. रुद्रप्पा एकटाच होता. त्याने माणसाला चहा सांगितला, पंच्याने बाकावरची धूळ झटकली आणि मास्तरांना बसायला जागा केली. मास्तर उभेच राहिले. इथे ऐकायला कोणी नाही, तेव्हा तू म्हणाला होतास की नाही तेवढे सांग, असे ते म्हणाले.

“म्हणालो होतो की,” रुद्रप्पा शांतपणे म्हणाला. “म्हणालो न्हाय असं मी कुटं म्हणतोय तुला?”

मास्तरांना वाटले होते की हा विसरला असेल. विसरणाऱ्याला क्षमा असते. पण रुद्रप्पाला शब्द न् शब्द आठवत होता, पोत्यांची चळत कुठे होती तेही आठवत होते.

“मग काल?”

“काल चारचौघांत होतं, मास्तर. बस तर खरं. हे बघ, पंच्याखाली बोटं दाबली म्हणजे बोली झाली. सौदा न्हाय झाला. सौदा मोठ्यानं पुकारल्यावर होतो. मी लग्नात पुकारलं का? त्यांनी तरी पुकारून घेतलं का? बाजारातलं शेंबडं पोरगं बी हे जाणतं. तू बोलीला सौदा समजलास, ही तुझी चूक.”

“मी बाजारात आलो नव्हतो. तुझ्याकडे आलो होतो.”

“दुकानातच आलतास की,” रुद्रप्पा म्हणाला, आणि मग थोडा नरमला. “बसूला पोरगी मिळत नव्हती, सिद्धलिंगा. तुला सगळं ठाऊक हाय. तुझ्या तोंडावर ते लोक डोळे झाकून हो म्हणणार, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाच्या हाती धाडलं असतं तर चार वेळा खोदून विचारलं असतं त्यांनी. आणि तुझं तरी काय बिघडलं? लोक म्हणतात मास्तरानं भलं केलं.”

चहाचा माणूस दोन पेले ठेवून गेला. मास्तर त्या पेल्यांकडे पाहत राहिले. आयुष्यभर आपण निरोप जपून नेतो म्हणून लोक आपल्यावर विसंबतात, एवढेच त्यांना कळत होते. त्या विसंबण्याची कोणी किंमत करून ठेवली असेल, आणि वेळ येताच ती वसूल करील, आणि तोही हा माणूस, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. रुद्रप्पाने निरोप धाडायला मास्तरांना निवडले ते मित्र म्हणून नव्हे. वजनाला खरे म्हणून बाजारात ओळखले जाणारे माप जसे एखादा उसने नेतो, तसे त्याने त्यांना नेले होते. चहा न घेता ते निघाले. रुद्रप्पा मागून म्हणाला की पेला तसाच ठेवून जाऊ नये, घरचा अपमान होतो. मास्तर थांबले नाहीत.

महेश्वरीने राजीनामा दिला. तो तिने रागाने दिला की थकून, हे बोळात कोणालाच कळले नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि स्कूटर रुद्रप्पाच्या दारात आच्छादन घालून उभी राहिली. त्याच आठवड्यात होटगी रस्त्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मास्तरांच्या घरी आल्या. इंग्रजीची जागा रिकामी आहे, नवीन नेमणुकीला वेळ लागेल, तोवर तुम्ही तास घ्याल का, असे त्यांनी आदराने विचारले. त्या जाताना सांगून गेल्या की महेश्वरी मॅडम फार वेगळ्या पद्धतीने शिकवायच्या. शिपायाकडे मुलांना पाठवून निरोप आणवायच्या, आणि मुलांना ते इतके आवडे की दुसऱ्या वर्गातली मुले खिडकीशी येऊन उभी राहत. मास्तरांनी हात जोडून नकार दिला. त्या जागेवर उभे राहण्याचा मला अधिकार नाही, असे ते म्हणाले. बाईंना तो विनय वाटला.

त्यानंतर मास्तरांनी कोणाचाही निरोप नेला नाही. आलेल्यांना ते सांगत की तुम्ही स्वतः जा, समोरासमोर बोला. लोक चकित होत, मास्तरांना आता होत नाही, असे म्हणून निघून जात. पण एक जाणे राहिले होते, ते त्यांना टाळता येईना. वैरागला ते याआधी नेहमी कोणाचे तरी म्हणणे घेऊन गेले होते. या खेपेला रिकाम्या हातांनी एस.टी.त बसले.

सिद्धाराम मळ्यात होते. निंगव्वांनी पाणी दिले, घोंगडी अंथरली, वैजयंतीबाईंची चौकशी केली. कुठेही धार नव्हती, आणि त्यामुळेच मास्तरांना तिथे बसणे कठीण झाले. त्यांनी मग विचारण्याची वाट न पाहता दुकानातले सगळे सांगितले. रुद्रप्पाने कबूल कसे केले, काय म्हणाला, पंचा, बोली, पुकारणे, सगळे. आपले खरे ठरले याचा आनंद सांगताना होईल, असे त्यांना एस.टी.त वाटले होते. तो झाला नाही.

निंगव्वा चुलीपुढे बसून ऐकत होत्या. भाकरी थापता थापता त्यांचे हात थांबले.

“म्हंजी तुमी खोटं बोलला न्हाई,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“आणि त्येनी बी तसं म्हटलं हुतं.”

“म्हटलं होतं.”

“मग आमच्या पोरीची शाळा कशी गेली, मास्तर?”

प्रश्न विचारताना त्यांच्या स्वरात टोचणी नव्हती. त्यांना खरोखरच कळत नव्हते आणि शिकलेल्या माणसाला ते कळत असेल असे वाटत होते.  मास्तर म्हणाले, “तुम्ही रुद्रप्पाचं ऐकून मुलगी दिली नव्हती, बाई. माझं ऐकून दिलीत. शब्द मोडला तेव्हा तो माझा म्हणून मी उभं राहायला हवं होतं. मी नुसतं ‘आठवतंय’ म्हणून बसून राहिलो.”

 तेवढ्यात निंगव्वांचा फोन वाजला. महेश्वरीचा होता, ती रोज या वेळेला आईला फोन करीत असे. पिठाचे हात पदराला पुसून निंगव्वांनी तो कानाला लावला, काय जेवलीस, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, असे दोन-चार प्रश्न विचारले, आणि मग मास्तरांकडे एकदा पाहून म्हणाल्या, “आगं, तुजं मास्तर आल्यात. हितंच बसल्यात. बोलतीस का?”

 मग फोनमधून महेश्वरीचे बोलणे आले. शब्द सुटे कळत नव्हते, पण ते वाक्य लांब होते, सावकाश उच्चारलेले होते, आणि शेवटचा ‘नको’ एवढा मास्तरांना स्पष्ट ऐकू आला. निंगव्वा ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा एकदा आकसला आणि पुन्हा पूर्ववत झाला. फोन ठेवून त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

“कामात हाय म्हणती,” त्या तव्याकडेच पाहत म्हणाल्या. “मागनं सवडीनं बोलते म्हणाली. तुमाला नमस्कार सांगितलाय.”

मास्तरांनी मान डोलावली. त्या लांब वाक्यात ती नेमके काय म्हणाली, हे त्यांनी विचारले नाही. सिद्धाराम मळ्यातून आले, पाय धुऊन समोर बसले आणि म्हणाले, मास्तर, जेवून जावा. निंगव्वांनी ताट वाढले. भाकरी गरम होती. मास्तर खाली मान घालून जेवू लागले.